१९६६च्या आधी १९५७ येते

अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमधली वर्णभेदाची भिंत कधी पडली, असे कुणाला विचारले तर ठरलेले उत्तर येते: १९६६ साली. त्या वर्षी टेक्सास वेस्टर्नने अंतिम सामन्यात पाच कृष्णवर्णीय खेळाडू उतरवले आणि केंटकीच्या निव्वळ गोऱ्या संघाला हरवले. पुढे त्यावर ‘ग्लोरी रोड’ हा चित्रपटही निघाला. टेक्सास वेस्टर्नचे कर्तृत्व मोठेच आहे, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्याच्या नऊ वर्षे आधी, १९५७ साली, कृष्णवर्णीयांच्या एका कॉलेजाने राष्ट्रीय विजेतेपद पटकावले होते. १९५८ साली पुन्हा. १९५९ साली तिसऱ्यांदा. ही विजेतेपदे लहान कॉलेजांच्या स्पर्धेतली होती, म्हणून ती कुणाच्या खिजगणतीत राहिली नाहीत.

ही स्पर्धा आज एनएआयए या संघटनेच्या नावाने ओळखली जाते. मोठ्या विद्यापीठांची एनसीएए वेगळी. मार्च महिन्यात दूरचित्रवाणीचे सगळे कॅमेरे ‘मार्च मॅडनेस’कडे, म्हणजे एनसीएएकडे वळतात. वयाने मात्र धाकट्यांची स्पर्धाच थोरली आहे. ती १९३७ साली कॅन्सस सिटीत सुरू झाली, तर एनसीएएची १९३९ साली.

तिच्या जन्माची गोष्ट साधी आहे. हौशी संघांची राष्ट्रीय स्पर्धा बरीच वर्षे कॅन्सस सिटीत भरायची, ती १९३५ साली डेन्व्हरला गेली. शहरात म्युनिसिपल ऑडिटोरियमची नवीकोरी इमारत उभी राहिली होती आणि बास्केटबॉलचा वार्षिक सोहळा मात्र हातचा गेला होता. बेकर विद्यापीठाच्या एमिल लिस्टन यांना ही संधी दिसली. लहान कॉलेजांमधला देशातला सर्वोत्तम संघ कोणता, हे कुणाच्या मतावर न ठरता मैदानात ठरावे, असा त्यांचा आग्रह होता. १८९१ साली या खेळाला जन्म देणारे डॉ. जेम्स नेस्मिथ जवळच, लॉरेन्सला राहत होते. त्यांनी या कामाला मनापासून साथ दिली. पहिल्या वर्षी आठ संघ आले, दुसऱ्या वर्षी बत्तीस.

बत्तीसच्या आकड्याने या स्पर्धेला तिचा स्वभाव दिला. एकाच छताखाली सकाळपासून रात्रीपर्यंत सामन्यामागून सामने, हरला तो घरी. विजेत्याला सहा दिवसांत पाच सामने जिंकावे लागत. त्यात विश्रांती नाही, दुखरा गुडघा शेकायलाही वेळ नाही. मोठ्या विद्यापीठांचे खेळाडू जवळपास तेवढेच सामने दोन-तीन आठवड्यांत, मध्ये श्वास घेत खेळतात. दमसासाची अशी परीक्षा अमेरिकी कॉलेज खेळात दुसरी क्वचितच असेल.

पण या स्पर्धेची खरी कसोटी मैदानाबाहेर लागली. कृष्णवर्णीय खेळाडूंना तिथे बंदी होती. १९४७ साली इंडियाना स्टेटच्या संघाला निमंत्रण आले. प्रशिक्षक होते जॉन वुडन, जे पुढे यूसीएलएला दहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून देऊन दंतकथा झाले. त्यांच्या संघात क्लॅरेन्स वॉकर हा कृष्णवर्णीय राखीव खेळाडू होता. त्याला मागे ठेवून जायचे वुडन यांनी नाकारले आणि निमंत्रण परत केले.

पुढच्या वर्षी प्रश्न पुन्हा उभा राहिला. हे ऑलिंपिकचे वर्ष होते आणि या स्पर्धेचा विजेता ऑलिंपिक निवड चाचणीत खेळणार होता. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन कॉलेजाने, बंदी उठली नाही तर आम्ही येणार नाही, असे ठणकावले. आयोजकांना नमावे लागले. मात्र वॉकरने खेळावे, पण संघाबरोबर हॉटेलात राहू नये, अशी अट आली. वुडन पुन्हा नकार द्यायच्या बेतात होते. पण कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या एनएएसीपीने आणि वॉकरच्या घरच्यांनी, या अपमानासकट का होईना, पण त्याने जावे, असे सांगितले. तो गेला. या स्पर्धेत उतरणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. इंडियाना स्टेटने अंतिम फेरी गाठली, तिथे लुईव्हिलने त्यांना हरवले.

मैदानात चालतो, पंगतीला चालत नाही, हा प्रकार मराठी वाचकाला नवा नाही. पुण्यात दलित क्रिकेटपटू पळवणकर बाळू गोलंदाजी करायचे तेव्हा त्यांचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या भांड्यात येत असे. वॉकरने खोलीच्या बाबतीत जे सोसले, त्याची जात तीच आहे.

एका राखीव खेळाडूला खेळू देणे ही पहिली पायरी. अख्ख्या कॉलेजाला आत घेणे ही मोठी उडी होती, आणि तीही याच संघटनेने घेतली. कृष्णवर्णीय कॉलेजांच्या प्रशिक्षकांनी एनसीएएचे दार ठोठावून पाहिले होते, तिथे दाद लागली नाही. एनएआयएने १९५३ साली या कॉलेजांना सदस्य करून घेतले. या लढ्यातले एक मोठे नाव म्हणजे जॉन मॅक्लेंडन.

मॅक्लेंडन यांचा एकच प्रसंग सांगितला तरी माणूस कळतो. ते कॅन्सस विद्यापीठात शिकले. तिथे नेस्मिथ त्यांचे मार्गदर्शक होते, तरी वर्णामुळे विद्यापीठाच्या संघाचे दार त्यांना बंदच होते. पुढे ते नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅममध्ये कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात प्रशिक्षक झाले. १२ मार्च १९४४, रविवारची सकाळ. गाव चर्चमध्ये होते. ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेतले गोरे खेळाडू डोक्यावर कोट ओढून, चेहरे झाकून कॉलेजाच्या जिममध्ये शिरले. आतून कुलूप लागले. प्रेक्षकांना मज्जाव, कारण असा मिश्र सामना तिथे बेकायदा होता. पंच होता, घड्याळ होते आणि पूर्ण सामना झाला. मॅक्लेंडन यांच्या वेगवान संघाने ८८-४४ असा विजय मिळवला. मग त्या पोरांनी संघांची सरमिसळ करून आणखी एक सामना खेळला, गोरे आणि काळे एकाच बाजूने. या सामन्याची हकीकत देशापुढे यायला १९९६ साल उजाडले.

बंद दाराआड जे सिद्ध झाले, ते उघड्यावर सिद्ध करण्याची संधी मॅक्लेंडन यांना कॅन्सस सिटीत मिळाली. टेनेसी ए अँड आय या नॅशव्हिलच्या कॉलेजाचा त्यांचा संघ प्रतिस्पर्ध्याला श्वास घेऊ देत नसे. चेंडू मिळाला की पळत सुटायचे, बचावातही सतत अंगावर जायचे. डिक बार्नेट हा त्यांचा हुकमी एक्का. १९५७ ते १९५९ची ती विजेतेपदे याच संघाची. लागोपाठ तीन राष्ट्रीय विजेतेपदे त्यांच्या आधी अमेरिकेतल्या कोणत्याही कॉलेज संघाने मिळवली नव्हती. वुडन यांचे यूसीएलए तोवर एकदाही जिंकले नव्हते.

त्यानंतर दार उघडेच राहिले. १९६१ साली ग्रॅम्बलिंग जिंकले, त्या संघात विलिस रीड होता. रीड आणि बार्नेट हे दोघे पुढे १९७० साली न्यूयॉर्क निक्सकडून एनबीए विजेते झाले. केंटकी स्टेटने १९७० ते १९७२ अशी पुन्हा तीन विजेतेपदे मिळवली आणि त्यांच्या ट्रॅव्हिस ग्रँटने कॉलेज कारकिर्दीत ४,०४५ गुण केले. शिकागो बुल्सचे चाहते असलेल्या वाचकांसाठी आणखी दोन नावे: स्कॉटी पिपेन सेंट्रल आर्कान्सासमधून आला आणि डेनिस रॉडमन साउथईस्टर्न ओक्लाहोमातून. दोन्ही कॉलेजे तेव्हा एनएआयएची होती. रॉडमन तर त्याआधी डॅलसच्या विमानतळावर सफाईकाम करत होता. मोठ्या विद्यापीठांची नजर जिथे पोचत नाही, तिथेही खेळाडू घडतात, याचा यापेक्षा ठळक पुरावा कोणता हवा?

आजची परिस्थिती सोपी नाही. स्पर्धा काही वर्षे तुल्साला गेली, मग परत आली. मधल्या काळात तिचे दोन विभाग झाले होते, ते २०२०च्या मोसमानंतर एकत्र आले. आता ६४ संघ सुरुवात करतात आणि अखेरचे सोळा कॅन्सस सिटीत पोचतात. खेळाडूला स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर कमाई करू देण्याचा निर्णयही एनएआयएने ऑक्टोबर २०२०मध्ये घेतला. एनसीएएला तिथे यायला २०२१चा जुलै लागला. पण आता मोठी विद्यापीठे खेळाडूंना थेट कोट्यवधी डॉलर देऊ लागली आहेत. लहान कॉलेजात चमकलेला मुलगा पुढच्याच वर्षी उचलला जातो. चांगले पैसे मिळत असतील तर त्याने जरूर जावे, तो त्याचा हक्क आहे. मात्र त्याला घडवणाऱ्या कॉलेजाच्या पदरी काहीच पडू नये, हे योग्य नाही. मोठ्यांच्या उत्पन्नातला वाटा या कॉलेजांपर्यंत पोचलाच पाहिजे.

आणि श्रेयाचे काय? मॅक्लेंडन यांना १९७९ साली नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये घेतले, पण प्रशिक्षक म्हणून नव्हे, ‘योगदानकर्ते’ म्हणून. तीन लागोपाठ विजेतेपदे मिळवून देणारा माणूस प्रशिक्षक म्हणून तिथे पोचला २०१६ साली. १९९९ सालीच त्यांचे निधन झाले होते. त्यांच्या १९५७ ते १९५९च्या संघाला प्रवेश मिळावा म्हणून म्हाताऱ्या बार्नेट यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. तो संघ आत गेला २०१९ साली, पहिल्या विजेतेपदानंतर बासष्ट वर्षांनी. तोवर त्या संघातले अनेक जण हयात नव्हते.