सुरू करताय, पण बंद कसं करणार?



हाडं ठिसूळ झाली की आमच्या वयाच्या बायकांत जी चर्चा चालते, ती साडीच्या दुकानात शोभावी अशी. "तुझी गोळी केवढ्याची? माझं इंजेक्शन कितीचं माहितीये का!" महाग ते भारी, एवढाच हिशोब. पुण्या-मुंबईची भाचरं फोनवर सांगतात, "मावशी, गोळीची कटकट कशाला? सहा महिन्यांतून एक इंजेक्शन घे, काम झालं." काम झालं? इथंच माझं भांडण आहे.

दुसरा पक्ष म्हणतो, "कॅल्शियम चालू आहे, बास." त्यांच्यासाठी दोन मोठ्या चाचण्या सांगते. २००७ साली झोलेड्रोनिक अ‍ॅसिडची प्रसिद्ध झाली, २००९ साली डेनोसुमॅबची. दोन्हींत ज्यांना नुसतं औषधाविना सलाईन किंवा इंजेक्शन दिलं, त्या बायकांनाही कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चालूच होतं. तरी औषधवाल्या गटात तीन वर्षांत मणक्याची फ्रॅक्चर्स अनुक्रमे ७० आणि ६८ टक्क्यांनी, खुब्याची ४१ आणि ४० टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे कॅल्शियम हा पाया. त्यावर भिंत लागतेच.

आता ७० मोठे की ६८? अहो, हे दोन वेगळ्या शाळांतले, वेगळ्या पेपरचे मार्क. त्यावरून पहिला नंबर काढू नये.

खरा फरक औषध थांबवल्यावर कळतो. अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नाही. कटकट आहे खरी. पण हे औषध हाडात मुरतं. साधारण पाच वर्षांनी डॉक्टर तपासून काहींना सुट्टीही देतात. झोलेड्रोनिकचं सलाईन वर्षातून एकदा. पहिल्या वेळी ताप, अंगदुखी होऊ शकते. पण तेही मुरणारं.

डेनोसुमॅब मुरत नाही. पुढचं इंजेक्शन लांबलं, सात महिन्यांच्या पुढे गेलं, की झीज उलट जोरात सुरू होते आणि काही जणींचे एकापेक्षा जास्त मणके दबतात. ते बंद करायचं तर त्यामागून दुसरं औषध द्यावं लागतं. रोज टोचायचं टेरिपॅराटाइड हाड नव्यानं बांधतं; पण तेही साधारण दोन वर्षंच, आणि पुढे दुसरं औषध घेतलं नाही तर कमाई हातची जाते.

आता आमच्याकडचं चित्र बघा. विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात कंधार, लोहा, मुखेडकडून बायाबापड्या येतात. सोयाबीनचे पैसे हातात आले, मुलाला रजा मिळाली, की मग दवाखाना. अशा बाईला फ्रिजमध्ये ठेवायचं, तारखेला चुकवून न चालणारं इंजेक्शन सुरू करून द्यायचं आणि पुढचं सांगायचंच नाही, याला उपचार म्हणायचं?

डेनोसुमॅब वाईट नाही. मूत्रपिंडं कमजोर असतील तर गोळी आणि सलाईन बहुधा चालत नाही. तिथं रक्तातल्या कॅल्शियमवर नजर ठेवून तेच कामाला येतं. जबड्याच्या हाडाचा किंवा मांडीच्या वेगळ्याच फ्रॅक्चरचा त्रास गोळीनंही क्वचित होतो. म्हणून निवड डॉक्टरांनीच करावी. पण ती करताना पेशंटचं गाव, खिसा आणि सोबत येणारं माणूसही विचारात घ्यावं.

माझी मागणी साधी आहे. चिठ्ठीवर तीन गोष्टी मराठीत लिहा: किती वर्षं घ्यायचं, तारीख चुकली तर काय होईल, आणि थांबवल्यावर पुढे काय. तान्ह्या बाळाच्या लशीचं कार्ड असतं ना? मग म्हातारीच्या इंजेक्शनचं का नसावं?

आणि भाचरांनो, इंजेक्शनचे पैसे पाठवता, त्याबद्दल आशीर्वाद. पण पुढची तारीखही तुमच्याच मोबाईलमध्ये लावून ठेवा.