मशिदीतली खुर्ची आणि चौथा मजला

सोपारा गाव असो, पापडी असो की नालासोपाऱ्यातली नवी वस्ती, जुम्म्याला मशिदीत गेलात की सफेच्या टोकाला प्लास्टिकच्या खुर्च्या दिसतात. पूर्वी एखाददुसरी असायची, आता रांग लागते. त्यावर कुजबुजही चालते. हल्लीच्या लोकांना जमिनीवर बसवत नाही, असं कुणी म्हणतं. अशी नमाज होते का, असं कुणी विचारतं.

नमाजेचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. उभं राहवत नसेल तर बसून, बसवत नसेल तर कुशीवर पडून नमाज पढावी, ही सवलत दीनने दिलेलीच आहे. तपशिलात फरक आहे. कोकणी मुसलमान शाफई मजहबाचे. त्यात ज्याला उभं राहता येतं त्याने सजदा जमत नसला तरी कियाम उभ्यानेच करायचा असतो. हनफी फिकहमध्ये सजदा जमत नसेल तर बसून पढण्याची मुभा सांगितलेली आहे. आपापल्या आलिमांना विचारावं आणि विषय मिटवावा.

मला काळजी वाटते ती वेगळीच. नमाजेपुरती घेतलेली खुर्ची हळूहळू दिवसभराची होते. गुडघा दुखतो म्हणून बाजार बंद, मग पाहुण्यांकडे जाणं बंद, मग जिना उतरणं बंद. घरचेही प्रेमाने सांगतात, "तुम्ही बसा, आम्ही आणतो." या प्रेमानेच माणूस लवकर अंथरुणाला लागतो.

याला थोडा आपला शब्दही जबाबदार आहे. डॉक्टर म्हणतात, गुडघ्याची झीज झाली. झीज म्हटलं की आपल्याला चपलेचा तळ किंवा रिक्षाचा टायर आठवतो. जेवढं वापराल तेवढं झिजेल, म्हणून जपून ठेवा. पण गुडघा टायर नाही. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं आणि हालचालीच्या दाबाने तो द्रव स्पंजासारखा आतबाहेर होतो. हालचाल थांबली की तेही मंदावतं. मांडीचे स्नायू गुडघ्याचा भार पेलतात. बसून राहिलं की ते लवकर आटतात आणि सगळा भार सांध्यावर येतो. म्हणून जगभरातल्या उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांत या दुखण्यावर व्यायाम आणि गरज असेल तर वजन कमी करणं हेच पहिलं औषध मानलेलं आहे. एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असं अभ्यासात दिसलेलं आहे.

आपल्याकडे तर उठण्याबसण्याची सवय इबादतीतच आहे. दिवसभराच्या फर्ज नमाजेच्या १७ रकाती होतात, म्हणजे ३४ सजदे. एवढ्या वेळा जमिनीपर्यंत वाकून पुन्हा उठणं हे शरीराचं मोठं भांडवल आहे. ते एकदम सोडू नये. ज्याला सजदा जमत नाही, त्याने निदान नमाजेबाहेर खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठून बसावं. पाय लांब करून, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पाच सेकंद दाबून धरावी. सपाट रस्त्यावर दहा मिनिटं चालावं. चालल्यावर थोडं दुखलं तर घाबरू नये. दुसऱ्या सकाळपर्यंत दुखणं वाढलेलंच राहिलं तर अंतर कमी करावं. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा. गुडघा सुजून गरम झाला, ताप आला, पडल्यानंतर पाय टेकवेना किंवा सांधा अडकला, तर मात्र लगेच डॉक्टर गाठावा.

हे सगळं सांगणं सोपं आहे. पण हे करायचं कुणी आणि कुठे?

पुरुषाला निदान पाच वेळा मशिदीची वाट असते. बाईला काय असतं? तिचा गुडघा विळीवर मासे चिरताना, उकिडवं बसून लादी पुसताना, ओट्याशी तासन्‌तास उभं राहताना झिजतो. घरात एवढं काम करते, तिला वेगळा व्यायाम कशाला, असं आपण म्हणतो. पण उकिडवं बसणं आणि एका जागी उभं राहणं हा सांध्यावरचा ताण आहे, स्नायूंचा व्यायाम नव्हे. तिला चालायला हवं असतं. आणि नेमकं विनाकाम चालायला निघालेल्या बाईलाच आपला मोहल्ला विचारतो, "कुठे निघालात खाला?" बुरख्याखाली चांगले बूट घालून फज्रनंतर अर्धा तास फिरण्यात कसली आलीय बेअदबी? चार शेजारणी एकत्र निघाल्या तर महिनाभरात विचारणारेही थकतील.

दुसरा अडथळा शहराचा आहे. नालासोपारा-विरारच्या पूर्वेला लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारती किती आहेत, ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. जिना चढताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण तिप्पट भार येतो. चौथ्या मजल्यावरची म्हातारी मग लग्नाला किंवा मय्यतीलाच खाली येते. खाली आली तरी फूटपाथ नाही. असला तर त्यावर दुकान आणि मोटारसायकल. २०११ पासून आपल्या शहरात मॅरेथॉन भरते, मोठ्या शहरांतले धावपटू येतात, आपल्याला अभिमान वाटतो. त्या एका सकाळी रस्ते माणसांसाठी मोकळे होतात. उरलेल्या दिवसांत साठीच्या माणसाला एक किलोमीटर न अडखळता चालता यावं, एवढंच मागणं आहे. वसईच्या किल्ल्यात किंवा भुईगाव, राजोडीच्या किनाऱ्यावर जाणं सगळ्यांना परवडत नाही. मागणं गल्लीतल्या फूटपाथचं आहे. महापालिकेच्या निवडणुकीत आपण कब्रस्तानाची जागा मागतो, ते बरोबरच आहे. पण जिवंत म्हाताऱ्यांना चालायची जागा मागायला काय हरकत आहे?

शेवटी शस्त्रक्रियेबद्दल. ती वाईट नाही. पंतप्रधान असताना वाजपेयींनी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात ऑक्टोबर २००० मध्ये एक आणि जून २००१ मध्ये दुसरा गुडघा बदलून घेतला आणि लगेच जुलैत ते आग्र्याला मुशर्रफांशी बोलायला बसले. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम सांध्यांच्या किमतींना लगाम घातला. सर्वाधिक वापरात असलेला कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा ५४,७२० रुपयांवर आणला. तरी रुग्णालयाचा खर्च वेगळा असतोच आणि शस्त्रक्रियेनंतरही व्यायाम चुकत नाही. बदललेल्या गुडघ्यावर टेकून सजदा करणं अनेकांना जड जातं. ते आधीच सर्जनला स्पष्ट विचारावं. आणि पुडीतून मिळणाऱ्या, आत काय आहे ते न सांगणाऱ्या "जडीबुटी"पासून लांब राहावं. दोन दिवसांत दुखणं गायब करणाऱ्या अशा पुड्यांत स्टेरॉइड सापडलेलं आहे.

मशीद कमिटीने खुर्च्या जरूर ठेवाव्यात. त्यासोबत अस्रनंतर महिन्यातून एकदा एखाद्या फिजिओथेरपिस्टला बोलावून अंगणात अर्धा तास व्यायाम शिकवावा आणि महिलांसाठी दुसरी वेळ ठेवावी. त्याला फार पैसे लागत नाहीत. आणि घरात कुणी "तुम्ही बसा, आम्ही आणतो" म्हणालं, तर त्यांना सांगा, "चला, बरोबर जाऊन आणू."