पदवी आणि पारख

पीएच्.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वीं शोधनिबंध छापलाच पाहिजे, ही सक्ति विद्यापीठ अनुदान आयोगानें 2022 च्या नियमांनीं काढून टाकिली, हें योग्यच झालें. सक्तीनें विद्या वाढली नाहीं. पैसे घेऊन वाटेल तें छापणाऱ्या नियतकालिकांची मात्र चलती झाली. परंतु आतां प्रबंधाची सारी पारख मार्गदर्शक व निदान दोन बाहेरचे परीक्षक यांजकडे आली. त्यांनीं भिडेखातर मान डोलाविली, तर रोग कायमच! मुंबई विद्यापीठ 1857 सालीं निघालें तेंच मुळीं परीक्षा घेण्यासाठीं. पत पाहिल्यावांचून व्यापारी हुंडी सकारीत नाहीं. मग विद्यापीठानें पदवी कां द्यावी? यास्तव प्रत्येक प्रबंधाबरोबर परीक्षकांचे अभिप्रायही प्रसिद्ध व्हावे. लोकांसमोर सही करावयाची म्हटलें म्हणजे परीक्षकही प्रबंध वाचूनच सही करील.