‘डिलीट’ केलेला फोटो आणि आपला पुरावा

रोवणीचे दिवस होते. लाखांदूर तालुक्यातील एका गावातून विशीतला एक मुलगा आमच्याकडे आला. समाजमंदिरासाठी सोडलेल्या जागेवर रातोरात तारेचे कुंपण उभे राहिले होते. सकाळी त्याने त्या कुंपणाचे फोटो काढले. चार-पाच जणांनी त्याला अडवले, मोबाईल हिसकावला, गॅलरी उघडून फोटो पुसले आणि मोबाईल परत हातात दिला. ‘सप्पा फोटो मिटवून टाकले जी दादा, आता काय दाखवाचं?’ एवढेच तो म्हणत होता.

आम्ही त्याच्याच मोबाईलमधले ‘ट्रॅश’ उघडले. अकराही फोटो तिथे होते, तारीख आणि वेळेसह. पुसणाऱ्यांना ट्रॅश माहीत नव्हते. पण आमच्या मुलालाही ते माहीत नव्हते, ही गोष्ट आम्हाला जास्त टोचली. रोज पाच-सहा तास मोबाईल हाताळणारा, बीए झालेला आपला तरुण आपला पुरावा कुठे पडून आहे हे जाणत नाही.

त्याआधी एका दुसऱ्या गावात याच्या उलट झाले होते. मजुरीच्या वादातून वस्तीतील बायांना जातिवाचक शिवीगाळ झाली. एका मुलीने थोडे चित्रण केले. घाबरलेल्या घरच्यांनी ते पुसायला लावले, ट्रॅशही रिकामे केले. पुढे तक्रार द्यायचे ठरले तेव्हा ती एका मोबाईल दुकानात गेली. दुकानदाराने पैसे घेतले, दोन-तीन अ‍ॅप टाकली, शेवटी मोबाईल रिसेट करून दिला. हाती काहीच आले नाही. ठाण्यात पहिला प्रश्न आला, ‘पुरावा काय आहे?’

या दोन प्रसंगांमुळे आम्ही हे लिहीत आहोत. पुसलेला फोटो परत आणणे हा दुकानदाराचा विषय आहे असे आपण मानतो. आमचे म्हणणे असे की आपल्या समाजासाठी हा चळवळीचा विषय आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. फोटो नसेल तर गुन्हाच नोंदवता येत नाही, असे कायदा कुठेही म्हणत नाही. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१८ मध्ये कलम १८-अ घालण्यात आले. त्यानुसार गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही. पीडितेचा जबाब आणि साक्षीदाराची साक्ष हाही पुरावाच आहे. त्यामुळे ‘फोटो आणा, मग बघू’ असे कोणी म्हणाले तर ते ऐकून घरी परतायचे नाही.

मग फोटोचा एवढा आग्रह कशासाठी? कारण आपल्या शब्दावर विश्वास ठेवायला ही व्यवस्था सहज तयार होत नाही. याच भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सप्टेंबर २००८ मध्ये सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लावला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या, आणि जातिद्वेषाचा मुद्दा तिथेही मान्य झाला नाही. चार माणसे मारली गेल्यावरही ‘जात’ सिद्ध होत नसेल, तर धमकी, शिवीगाळ, कुंपण, बहिष्कार यांचे काय होणार? याउलट गुजरातमधील उना येथे जुलै २०१६ मध्ये मारहाण करणाऱ्यांनी स्वतःच चित्रण करून पसरवले आणि त्याच चित्रणाने देश हादरला. त्यांनी कॅमेरा दहशतीसाठी वापरला. आपण तो न्यायासाठी वापरायला शिकले पाहिजे, आणि त्यात काढलेले टिकवणेही येते.

आता मूळ मुद्दा. फोटो ‘डिलीट’ केला म्हणजे नेमके काय होते?

पहिल्या पायरीवर फोटो फक्त जागा बदलतो. तो ‘ट्रॅश’, ‘बिन’ किंवा ‘रिसेंटली डिलीटेड’ या कप्प्यात जातो. गुगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेला फोटो ६० दिवस तिथे राहतो, बॅकअप नसलेला ३० दिवस. आयफोनमध्येही हा कप्पा साधारण ३० दिवसांचा असतो. अनेक मोबाईलमध्ये कंपनीची गॅलरी वेगळी आणि गुगल फोटोज वेगळे असते, म्हणून दोन्हीकडचे ट्रॅश पाहावे. फाइल मॅनेजरलाही स्वतःचे ट्रॅश असू शकते. ‘रिस्टोअर’ दाबले की फोटो मूळ जागी परत येतो.

ट्रॅश रिकामे झाले असेल तर दुसरी पायरी. तो फोटो आणखी कुठे गेला होता, हे आठवायचे. गुगल खात्यावर बॅकअप सुरू होता का, हे संगणकावरून त्याच खात्यात शिरून पाहता येते. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाला पाठवला होता का? पाठवलेल्या फोटोची प्रत बऱ्याचदा मोबाईलमधील व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘सेंट’ फोल्डरमध्ये असते, आणि ज्याला पाठवला त्याच्याकडे तर असतेच. मावशीच्या मोबाईलमध्ये, बचत गटाच्या ग्रुपवर, मित्राच्या स्टेटसमध्ये, सगळीकडे विचारायचे. आपल्या वस्तीतील नाती हा आपला सगळ्यात जुना बॅकअप आहे.

तिसरी पायरी मेमरी कार्डची. फोटो कार्डवर साठवले असतील तर बरीच आशा असते. कार्डवरून पुसलेल्या फोटोची बऱ्याचदा फक्त नोंद जाते, मजकूर तसाच पडून असतो, नवे काही त्याच्यावर लिहिले जाईपर्यंत. म्हणून कार्ड लगेच काढून ठेवायचे, त्यावर एकही नवा फोटो काढायचा नाही. संगणकाला जोडून ‘फोटोरेक’ हे मोफत सॉफ्टवेअर चालवायचे आणि सापडलेले फोटो त्याच कार्डवर न ठेवता संगणकावर ठेवायचे.

मोबाईलच्या आतल्या साठवणुकीचे मात्र तसे नाही, आणि इथेच आपल्या लोकांची लूट होते. आजच्या अँड्रॉइड मोबाईलमध्ये आतला मजकूर कूटबद्ध असतो. फाइल कायमची पुसली की तिची किल्लीही जाते, आणि मोकळी झालेली जागा यंत्रणा स्वतःच साफ करत राहते. त्यामुळे ‘शंभर टक्के फोटो परत’ असे सांगणारी अ‍ॅप बहुतेक वेळा जुन्या लघुप्रतिमा तेवढ्या दाखवतात. मोबाईल रिसेट केला तर उरलीसुरली शक्यताही संपते. शिवाय अशी अ‍ॅप सगळ्या फाइलींची परवानगी मागतात. अनोळखी अ‍ॅपला किंवा दुकानदाराला आपल्या बहिणीचा उघडा मोबाईल सोपवून येणे म्हणजे एक जखम भरायला दुसरी करून घेणे आहे.

शेजारच्या पवनीचे उदाहरण घ्या. तिथे १९६९-७० मध्ये उत्खनन झाले आणि शतकानुशतके मातीखाली गेलेला बौद्ध स्तूप पुन्हा उजेडात आला. ज्यांनी आपला इतिहास पुसला असे मानले, त्यांना माती पुसता आली नाही. पण मोबाईलची चिप ही पवनीची माती नव्हे. ती दोन हजार वर्षे वाट पाहणार नाही, कधी कधी दोन मिनिटेही पाहत नाही. म्हणून परत मिळवण्यापेक्षा आधीच जपून ठेवणे हाच खरा उपाय आहे.

फोटो परत मिळाला म्हणून काम संपत नाही. तो न्यायालयात टिकला पाहिजे. इथे आपल्या राज्यातलाच एक निकाल प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावा. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीच्या वादातून अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. वाद होता उमेदवारी अर्जाच्या वेळेचा, आणि पुरावा होता व्हिडिओ चित्रणाचा. १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने स्पष्ट केले की प्रत सादर करायची असेल तर कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र हवेच, पण मूळ उपकरणच सादर करून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्राची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र दोन भागांत मागितले आहे. एक भाग उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचे ‘हॅश’ मूल्य लिहायचे. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. फाइलमध्ये कणभर बदल झाला तरी ठसा बदलतो.

याचा साधा अर्थ असा : ज्या मोबाईलने फोटो काढला तो विकू नका, बदलू नका, रिसेट करू नका. परत मिळालेल्या फोटोवर लाल वर्तुळे काढू नका, फिल्टर लावू नका. स्क्रीनशॉट म्हणजे मूळ फोटो नव्हे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि त्यातली तारीख-ठिकाणाची माहिती गळते. म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. बाकीचे वकिलाला विचारून करा.

ठसा का महत्त्वाचा, हे भीमा-कोरेगाव प्रकरणाने दाखवले. रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून फाइली घुसवल्या गेल्या, असा अहवाल अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने २०२१ मध्ये दिला. तपास यंत्रणेने तो मान्य केला नाही. पण आपल्यासाठी धडा एकच : डिजिटल पुरावा पुसताही येतो आणि पेरताही येतो. म्हणून मोबाईल जप्त होत असेल तर पंचनाम्याची प्रत मागा, त्यात हॅश मूल्य नोंदवायचा आग्रह धरा.

आणि जे मोबाईल हिसकावून फोटो पुसतात त्यांनाही सांगून ठेवावे. पुरावा म्हणून लागणारा इलेक्ट्रॉनिक दस्त नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे, आणि गुन्ह्याचा पुरावा नाहीसा करणे कलम २३८ खाली. तक्रार लिहिताना ‘मोबाईल हिसकावून फोटो पुसले’ हे वाक्य गाळू नका.

एक पथ्य मात्र पाळलेच पाहिजे. पुरावा जपणे वेगळे आणि व्हायरल करणे वेगळे. अत्याचारग्रस्त बहिणीचा फोटो, नाव, गाव ग्रुपवर फिरवणे हा तिच्यावर दुसरा अन्याय आहे. लैंगिक अत्याचारात पीडितेची ओळख उघड करणे हा तर कलम ७२ खाली गुन्हा आहे.

हा प्रश्न फक्त अत्याचाराच्या पुराव्यापुरताही नाही. १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब याच भंडारा लोकसभा मतदारसंघातून उभे होते आणि हरले. आपल्या किती घरांत त्या प्रचाराची एखादी आठवण, एखादे छायाचित्र उरले आहे? बाबासाहेबांचे अप्रकाशित लेखनही वर्षानुवर्षे पेट्यांत पडून होते. वसंत मून यांच्यासारख्या माणसाने त्यावर आयुष्य वेचले आणि १९७९ पासून शासनाचे खंड निघू लागले. कागद सांभाळणारा माणूस नसता तर विचारही आपल्यापर्यंत आला नसता. आज आपल्या आजोबा-आजीच्या दीक्षेच्या आठवणी, जयंतीच्या मिरवणुका, वस्तीतील पहिल्या विहाराचे फोटो एका फुटक्या मोबाईलच्या भरवशावर आहेत.

आमचा प्रस्ताव छोटा आहे. प्रत्येक विहारात दोन जण, शक्यतो एक मुलगा आणि एक मुलगी, पुरावा जपण्यासाठी नेमावेत. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर अर्धा तास वस्तीतील मोबाईलचे बॅकअप तपासावे. गुगलची १५ जीबी जागा मोफत मिळते. ती भरली असेल तर निरुपयोगी ‘गुड मॉर्निंग’ काढून पुराव्याला जागा करावी. महत्त्वाचे फोटो एका हार्ड डिस्कवर घ्यावेत आणि सोबत वहीत तारीख, ठिकाण, फोटो कोणी काढला हे लिहावे. वर्गणीतून एक हार्ड डिस्क येते. डीजेच्या एका रात्रीच्या खर्चापुढे ती काहीच नाही.

त्या मुलाचे अकरा फोटो आता तीन ठिकाणी आहेत. कुंपण अजून निघालेले नाही, अर्ज चालू आहे. पण ‘पुरावा काय आहे?’ या प्रश्नावर तो आता मान खाली घालत नाही.

जय भीम!