फॉरमॅट नावाचा रामबाण

पुण्याजवळची मारुंजी आणि तिला लागून असलेल्या हिंजवडीत अभियांत्रिकीचे विद्यार्थी व संगणक कंपन्यांतील नोकरदार दाटीने राहतात, त्यामुळे एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स अशा दोन कार्यप्रणाली, म्हणजेच ‘ड्युअल बूट’, बाळगणारे येथे घरोघरी नसले तरी इमारतीगणिक सापडतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकांसाठी लिनक्सची शिफारस असते, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार संपल्यावर जुने यंत्र भंगारात न घालता त्यावर लिनक्स बसवण्याचा विचार विद्यार्थी नसलेल्यांनाही सुचू लागला.

अशा यंत्राने एखाद्या सकाळी सुरू होण्यास नकार दिला, तर दुकानातील निदान मात्र ठरलेले असते: ‘विंडोज उडाली, फॉरमॅट मारावा लागेल.’ दुरुस्त करण्याऐवजी बदलून टाकण्याच्या या वृत्तीविषयी प्रस्तुत सदराची तक्रार जुनीच आहे आणि नियमित वाचकांना ती पाठही झाली असेल. परंतु मिक्सरचे भांडे बदलणे आणि चार वर्षांचे प्रोजेक्ट, लग्नाचे फोटो व आयकराची कागदपत्रे पुसून टाकणे यांत काही फरक करावा, एवढी अपेक्षा अवाजवी ठरू नये. फॉरमॅटमुळे यंत्र सुरू होते हे खरे, पण ते कशामुळे बंद पडले होते हे ना गिऱ्हाइकाला कळते ना दुकानदाराला, आणि म्हणून पुढच्या मोठ्या अपडेटनंतर दोघांची पुन्हा भेट होते.

वस्तुतः बिघाड बहुधा अगदी लहान जागेत असतो. यंत्र चालू होताच मदरबोर्डवरील यूईएफआय हा प्रारंभिक प्रोग्रॅम डिस्कवरच्या काहीशे मेगाबाइटांच्या ईएफआय विभागात जातो, आणि तेथील ‘ग्रब’ हा लिनक्सचा बूटलोडर, म्हणजे कार्यप्रणालीला जागे करणारा प्रोग्रॅम, कोणती प्रणाली हवी ते विचारतो. विंडोजचे एखादे अपडेट या क्रमवारीत स्वतःला पहिले बसवते आणि लिनक्स नाहीसे झाल्याचा भास होतो. बूट मेनूत जाऊन क्रम बदलला की ते जागच्या जागी सापडते. १३ ऑगस्ट २०२४च्या अपडेटने मात्र खरोखर गोंधळ घातला. सिक्युअर बूट, म्हणजे स्वाक्षरी तपासूनच बूटलोडरला आत सोडणारी व्यवस्था, चालू असलेल्या अनेक यंत्रांत लिनक्सचे जुने बूटलोडर नाकारले गेले, आणि काहीतरी गंभीर बिघडले आहे एवढेच इंग्रजीत सांगून यंत्र बंद होऊ लागले. ड्युअल बूट असलेल्या यंत्रांना हे अपडेट लागूच होणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने आधी सांगितले होते, हे विशेष. तेव्हाही उपाय फॉरमॅट हा नव्हता. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्समधून ती नवी बंदी पुसता येत होती.

याहून मनोरंजक तक्रार घड्याळाची आहे. मदरबोर्डवरच्या बटनसेलवर चालणारे घड्याळ स्थानिक वेळ दाखवते असे विंडोज मानते, तर लिनक्स त्याच आकड्यांना जागतिक वेळ समजते; परिणामी लिनक्स वापरून विंडोजमध्ये आले की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे पडलेले दिसते, आणि दुकानात निर्दोष सेल बदलून दिला जातो. दोन सत्तांनी एकाच घड्याळावर हक्क सांगण्याचा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. १ जानेवारी १९०६पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ मुंबईकरांनी सोडली नाही. आगगाडी सरकारच्या वेळेने सुटे, महापालिका मुंबईच्या वेळेने चाले, आणि हा दुहेरी कारभार स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकला. प्रवाशाला दोन्ही वेळा तोंडपाठ ठेवाव्या लागत असणार, पण म्हणून कोणी मुंबई पाडून नव्याने बांधा असे सुचवले नाही. लॅपटॉपचा तंटा तर त्याहून सोपा आहे, कारण लिनक्सला एका आज्ञेने स्थानिक वेळ मान्य करायला लावता येते.

एका बाबतीत मात्र सावधगिरी आवश्यक आहे. विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर सिक्युअर बूटची मांडणी बदलताच यंत्र ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते आणि कित्येक मालकांना तिचे अस्तित्वच ठाऊक नसते. तेव्हा वाचकांनी ती की आजच कागदावर उतरवून घ्यावी, लिनक्सचा एक पेनड्राइव्ह तयार ठेवावा, आणि दुकानदाराने ‘फॉरमॅट’ हा शब्द काढला तर त्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून आधी डेटा बाहेर काढून देण्यास सांगावे. तो नाही म्हणाला, तर लॅपटॉप परत घ्यावा.