इशारे साचले, धोका झाकला

वादळी पावसात बागलाणात वीज गेली, तर सटाणा शहरात ती तुलनेने लवकर परतते. साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरपट्ट्यात मात्र वाट पाहावी लागते. अशा रात्री घरातला फ्रिज बंद राहिला, तर सकाळी दूध नासलेले कळते. लसीच्या फ्रिजमध्ये तापमान बिघडले, तर काय नासले ते डोळ्यांना दिसत नाही.

म्हणूनच बालकांच्या बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवल्या जातात आणि त्यांच्या फ्रिजवर यंत्राची नजर असते. २०१५ पासून देशात टप्प्याटप्प्याने आलेल्या ‘ई-विन’ प्रणालीत फ्रिजमधील संवेदक मोबाइल सिमद्वारे तापमान कळवतो. मर्यादा ओलांडली की संबंधितांना इशारा जातो. व्यवस्था उत्तम आहे. पण इशारा पाठवला जाणे आणि त्यावर कोणी काही करणे यांत अंतर आहे. याच अंतरात इशारे साचतात.

समजा, रात्री वीज आणि नेटवर्क दोन्ही गेले. यंत्र नोंदी साठवत राहिले आणि पहाटे नेटवर्क येताच सगळे संदेश एकदम येऊन पडले. त्यांत रात्री दोनचा इशारा आहे आणि आताचाही; मात्र फोनवर सगळ्यांची वेळ पहाटेचीच. खोळंबा उकलण्याची पहिली पायरी इथेच आहे: संदेश केव्हा पोचला हे न पाहता घटना केव्हा घडली ते पाहायचे. दुसरी पायरी, एका कारणाचे संदेश एकत्र बांधायचे. तीस संदेश म्हणजे तीस बिघाड नव्हेत. अनेकदा तो एकच बिघाड तीसदा सांगितलेला असतो. मात्र ताजा आणि अजून चालू असलेला इशारा आधी पाहायचा. रांगेत तो शेवटी असला तरीही.

मग इतके इशारे येतातच का, हे शोधायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत यंत्राने केव्हा ओरडावे हे वेळेसह ठरवले आहे: तापमान सलग १० तास ८ अंशांच्या वर राहिले तर, किंवा सलग ६० मिनिटे उणे ०.५ अंश वा त्याखाली राहिले तर. यामागे विचार आहे. सत्राच्या दिवशी झाकण उघडले की पारा क्षणभर चढणारच. त्यावर यंत्र ओरडू लागले, तर दिवसभर ओरडत राहील. कधी मर्यादा ठीक असते, पण संवेदक चुकीच्या जागी असतो. वरून उघडणाऱ्या फ्रिजचा तळ सर्वांत थंड असतो. संवेदक तळाला टेकलेला असेल, तर वरच्या टोपलीतील लस सुरक्षित असूनही गोठल्याचा इशारा येत राहतो.

खोट्या इशाऱ्यांची किंमत मोठ्या रुग्णालयांनीही मोजली आहे. सॅन फ्रान्सिस्कोतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७७ अतिदक्षता खाटांवरील मॉनिटरांनी ३१ दिवसांत २५ लाखांहून अधिक इशारे दिले होते. हृदयाच्या लयीबाबतचे १२,६७१ इशारे तपासले, तेव्हा ८८.८ टक्के खोटे निघाले. ‘लांडगा आला रे आला’ इतक्या वेळा ऐकल्यावर कान बधिर होतात. त्यात परिचारिकेचा दोष नसतो.

आपल्याकडे मात्र उपाय म्हणून फर्मान निघू शकते: संध्याकाळपर्यंत प्रलंबित इशारे शून्य करा. मग सगळे निवडून ‘पाहिले’ हे बटण दाबले जाते आणि यादी कोरी होते. ताप का आला हे न पाहता पॅरासिटामॉल देऊन चार्टवर ‘बरा’ लिहिण्यासारखेच हे आहे. त्या ढिगात गोठण्याचा एक खरा इशारा असेल, तर? पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, टीडी या लसी एकदा गोठल्या की त्यांची शक्ती जाते. वितळल्यावर परत येत नाही. कुपीवरचा रंग बदलणारा चौकोन उष्णता सांगतो, गोठणे सांगत नाही. बाळाला टोचले जाते, ते रडते, आईच्या हातातील कार्डावर नोंद होते. संरक्षण मात्र मिळत नाही.

म्हणून आढाव्यात ‘किती प्रलंबित’ यापेक्षा तीन प्रश्न विचारावेत. प्रत्येक फ्रिजच्या इशाऱ्याला रात्रीही उत्तर देणारी नेमकी व्यक्ती कोण, आणि ती रजेवर असेल तर कोण? एकच फ्रिज पुन्हापुन्हा ओरडत असेल, तर दुरुस्ती फ्रिजची हवी, संवेदकाची की मर्यादेची? आणि कोणते यंत्र अजिबात बोलत नाही? या शेवटच्या प्रश्नाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. सिम बंद, बॅटरी संपलेली असेल, तर इशारा येणारच नाही, आणि शांतता म्हणजे सारे आलबेल असे समजले जाईल. नोंद थांबणे हाच इशारा मानला पाहिजे. दिवसातून दोनदा तापमापी पाहून वहीत आकडा लिहिण्याची जुनी शिस्त म्हणूनच कालबाह्य झालेली नाही.

इशारा बंद करताना कारण आणि केलेली कृती यांची एक ओळ लिहिणे सक्तीचे करावे. त्याने यादी थोडी हळू रिकामी होईल. पण डोंगरातल्या शेवटच्या पाड्यावर पोचणारी कुपी खरोखर कामाची आहे, हे छातीठोकपणे सांगता येईल. यंत्रणा त्यासाठीच तर उभारली आहे.