किती प्रती खपल्या म्हणजे भागते?

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यात धामणगाव बढे हे गाव आहे. किती क्विंटल कापूस विकला म्हणजे वर्षाचा खर्च निघतो, असे तेथील कोणाही कास्तकारास विचारावे. बियाणे, खत, फवारणी, वेचणी यांचा हिशेब तो बोटांवर करून दाखवील. हाच प्रश्न व्हिडिओ गेमविषयी आमच्या राज्यकर्त्यांस कोणी विचारला आहे काय? सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, गेमिंग व तत्सम व्यवसायांसाठी सुमारे ३,२६८ कोटी रुपयांचे धोरण मंजूर केले. गुंतवणूक आणि रोजगार यांची चर्चा पुष्कळ झाली. परंतु गेम करणाऱ्याचे किती प्रतींवर भागते, हा साधा प्रश्न त्या गलबल्यात हरवला.

कापूस आणि गेम यांत एक मूलभूत फरक आहे. कापसाच्या प्रत्येक किलोला वेचणीची मजुरी पडतेच. गेमचा बहुतेक सारा खर्च पहिल्या प्रतीवर होतो. दुसरी प्रत जवळजवळ फुकटात निघते. म्हणूनच हा धंदा वरून सोपा दिसतो आणि आत शिरलेल्यास बुडवतो, कारण ती पहिली प्रत सिद्ध होईपर्यंत तीन-चार वर्षे एक पैसाही हाती येत नाही.

नमुन्यादाखल एक हिशेब मांडू. पुण्यात दहा जण तीन वर्षे राबतात. सरासरी पगार महिना ५० हजार धरला तरी पगारावरच १ कोटी ८० लाख रुपये जातात. जागा, यंत्रे, संगीत, जाहिरात धरून अडीच कोटी म्हणा. गेमची किंमत ५०० रुपये ठेवली, तर त्यातून १८ टक्के वस्तू व सेवा कर वजा होतो. (छापील पुस्तकावर हा कर शून्य आहे, हे येथे नमूद केलेले बरे.) उरलेल्यातील ३० टक्के ‘स्टीम’सारखे विक्रीपीठ आपली अडत म्हणून कापून घेते. निर्मात्याच्या पदरात पडतात ते सुमारे २९७ रुपये. म्हणजे नुसता खर्च भरून निघण्यास ८४ हजारांहून अधिक प्रती पूर्ण किमतीस खपल्या पाहिजेत. अर्ध्या किमतीच्या सवलतीची वाट पाहणारेच गिऱ्हाईक भेटले, तर हा आकडा १ लाख ६८ हजारांवर जातो. प्रकाशकाचा वाटा यात धरलेलाच नाही!

श्रीमंत देशांतही हे गणित सुखाचे नाही. २०१३ साली ‘टूम रेडर’च्या ३४ लाख प्रती महिनाभरात खपल्या, तरी तिच्या प्रकाशकाने अपेक्षाभंग झाल्याचे जाहीर केले. ‘स्पायडर-मॅन २’च्या निर्मात्यांची कागदपत्रे डिसेंबर २०२३ मध्ये चोरीस जाऊन फुटली. सुमारे ३० कोटी डॉलरचा खर्च भरून काढण्यास पूर्ण किमतीच्या ७२ लाख प्रती लागतील, असा अंदाज त्यांत होता. उलट एरिक बॅरोन या एकट्या माणसाने सुमारे साडेचार वर्षे खपून केलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा खेळ २०१६ साली आला आणि त्याच्या ४ कोटींहून अधिक प्रती खपल्या. अर्थात लॉटरी लागलेल्या एकाकडे पाहून संसार मांडायचा नसतो.

आता आपल्या घरचे उदाहरण घ्या. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने ‘राजी’ हा गेम रचला. बहीण-भावाची कथा, पुराणातील देवता, पहाडी चित्रशैलीचा साज, सारे काही येथले. २०१७ साली तिने लोकवर्गणीसाठी ‘किकस्टार्टर’वर हात पसरला, ठरवलेली रक्कम जमली नाही. पुढे प्रकाशक मिळाला आणि २०२० साली गेम प्रसिद्ध झाला, तो आधी निन्टेन्डोच्या स्विच यंत्रावर. ते यंत्र आपल्यापैकी किती घरांत आहे?

यात निर्मात्यांचा दोष नाही. अमेरिकेत २५ डॉलरला विकलेली एक प्रत अडत जाऊन सुमारे दीड हजार रुपये देते, म्हणजे येथल्या पाच प्रतींइतके. आमच्या हिशेबातील अडीच कोटी तेथे सुमारे १७ हजार प्रतींत निघतात. मग शहाणा निर्माता कोणाच्या भाषेत आणि कोणाच्या आवडीने गेम करील? धामणगाव बढे येथील मुलाच्या हातातील मोबाईलवर तोवर परदेशी मुळाचा ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’ असतो. तो फुकट असतो. त्याच्या प्रती मोजण्यात अर्थच नाही. तेथे कमाई पोशाखांच्या आणि बंदुकांच्या रंगरूपाची.

आम्हां शहरी मध्यमवर्गीयांचे वागणेही तपासण्याजोगे आहे. नाटकाच्या तिकिटास पाचशे रुपये आपण कुरकुर न करता देतो, आणि मुलाने तेवढ्याच किमतीचा गेम मागितला की “फुकट कुठे मिळत नाही का?” असे विचारतो. मराठी पुस्तकाची हजाराची आवृत्ती संपते, त्यात १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळवणाऱ्या सार्वजनिक वाचनालयांचा मोठा हात आहे. निश्चित गिऱ्हाईक आधी उभे केले, म्हणून प्रकाशक धीर धरू शकला.

तेच येथे करावे. नव्या धोरणातील पैसा केवळ इमारतींत व उद्यानांत न घालता त्याचा एक हिस्सा मराठीतून खेळता येणाऱ्या गेमच्या प्रती विकत घेण्यास राखावा. जिल्हा ग्रंथालये व शाळांना त्या द्याव्यात. दहा हजार प्रतींची हमी मिळाली, तरी वरील हिशेबातला सुमारे आठवा भाग पहिल्याच दिवशी भरून निघेल. आणि धोरणाचा वार्षिक अहवाल निघेल तेव्हा महाराष्ट्रात तयार झालेल्या गेमच्या किती प्रती महाराष्ट्रातच विकल्या गेल्या, हा आकडा सरकारने त्यात पहिल्या पानावर छापावा.